दिवाळीनंतरच्या नव्या मालिका २०२४ : कोण काय बघणार? (गोवेकरांनी जरूर यावे)

वळवईचा_बंड्या

मंडळी, तुळशीची लग्ने लागली, विठ्ठलापूरला त्रिपुरारीच्या होड्या सोडून झाल्या. आता २० तारखेला तिकडे महाराष्ट्रात मतदान आणि इकडे पणजीत इफ्फी (चित्रपट महोत्सव). २१ पासून जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचे शवप्रदर्शन, म्हणजे संध्याकाळी घराबाहेर पडायची सोय नाही. एकूण घरी बसून टीव्ही बघायचे दिवस आले आहेत, आणि वाहिन्यांनाही ते बरोबर कळते.

कोणी काय लावले आहे ते आधी सांगतो. कलर्स मराठीने सोमवार २५ नोव्हेंबरला एका दमात दोन मालिका सोडायच्या ठरवल्या आहेत. सात वाजता 'पिंगा गं पोरी पिंगा', मुंबईत एका घरात राहणाऱ्या पाच मुलींची गोष्ट. साडेआठला 'अशोक मा.मा.', त्यात खुद्द अशोक सराफ. निकाल २३ ला, म्हणजे लोकांचे न्यूज चॅनेल बघून झाले की लगेच सोमवारी धरायचे, असा हिशेब दिसतो. स्टार प्रवाहवर ३० तारखेला 'आई कुठे काय करते' एकदाची संपते आणि २ डिसेंबरपासून त्याच दुपारी अडीचच्या वेळेला 'आई आणि बाबा रिटायर होत आहेत!'. त्यात निवेदिता सराफ आणि मंगेश कदम. झी मराठीवाले अजून पत्ते उघडत नाहीत, पण डिसेंबरात काहीतरी मोठे येणार अशी कुणकुण आहे.

प्रोमो बघून मत बनवू नये हे मलाही कळते. प्रोमोत असते ते पहिल्या पंधरवड्यात संपते आणि मग जे उरते ते आपल्याला वर्षभर बघावे लागते. तरी या वेळी एक गोष्ट डोळ्यांत भरली, म्हणून धागा काढला. नव्या मालिकांच्या मधोमध या वेळी साठीच्या पुढची माणसे बसली आहेत. नाहीतर आजवर आईबाबा कुठे असायचे? डायनिंग टेबलाच्या टोकाला, हातात पूजेचे तबक घेऊन, नायिकेला 'देवावर विश्वास ठेव' सांगायला. आता त्यांच्याच नावाने मालिका निघताहेत.

मला यात प्रेम-बीम काही दिसत नाही. साधा हिशेब आहे. संध्याकाळी सात ते दहा टीव्हीसमोर ठाण मांडून कोण बसते? आमच्या वाड्यावर फिरून बघा. पोरे फोनवर, पोरांचे आईबाप अर्धे पुण्याला नाहीतर बंगळुरूला, काही जण पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात. घरात उरली ती म्हातारी माणसे आणि रिमोट. ज्यांच्या हातात रिमोट, त्यांची गोष्ट सांगायची. उशिरा का होईना, वाहिन्यांच्या डोक्यात उजेड पडला.

तर सांगा, कोणाच्या घरी काय लागणार?

फोंडेकरीण

जागा राखून ठेवते. सासूबाई झोपल्या की सविस्तर लिहिते.

मालती_म्हापसा

बंड्या, मुख्य गंमत तुझ्या नजरेतून सुटली की मुद्दाम आमच्यासाठी ठेवलीस? दुपारी अडीचला बायको एका वाहिनीवर, रात्री साडेआठला नवरा दुसऱ्या वाहिनीवर! निवेदिताताई स्टार प्रवाहच्या, अशोकमामा कलर्सचे. त्यांच्या घरी संध्याकाळी कोणता चॅनेल लागत असेल?

आणि हे दोघे आपल्या जावयाच्या-लेकीच्या नात्यातलेच म्हणायला हवेत. १९९० साली लग्न केले ते आपल्या मंगेशीच्या देवळात. माझी मावशी प्रियोळची, तिला विचारले की ती असे सांगते जणू अक्षता हिनेच वाटल्या.

मामांसाठी मी नक्की बघणार. 'हम पाँच'मधला पाच मुलींचा बाप अजून डोळ्यांसमोर आहे. विनोदासाठी त्यांना तोंड वेडेवाकडे करावे लागत नाही, नुसते थांबले तरी पुरते. फक्त लेखकाने त्यांना थांबू द्यावे. रोजच्या मालिकेत थांबायला वेळ कुठे असतो? तिथे कोणी थांबले की लगेच मागून ढॅण ढॅण वाजते आणि कॅमेरा तीन वेळा तोंडावर आपटतो.

डिचोलीचो_मास्तर

बंड्याचा मुद्दा पटला, पण थोडी दुरुस्ती. म्हाताऱ्यांच्या मालिका नवीन नाहीत. 'अग्गंबाई सासूबाई' २०१९ ची. सासूचे दुसरे लग्न सून लावून देते, ही गोष्ट आठच्या-साडेआठच्या वेळेला घराघरांत चालली होती आणि ती सासू निवेदिता सराफच होत्या. त्याआधी 'आभाळमाया'. १९९९ साली अल्फा मराठी (आताचे झी मराठी) सुरू झाले तेव्हाची. त्यातली सुधा जोशी ही कॉलेजात शिकवणारी, वाढत्या मुलींची आई. म्हणजे आपल्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीच मध्यमवयीन बाई मालिकेची नायिका होती. मधल्या काळात आपण मागे गेलो आणि आता पुन्हा तिथे आलो म्हणून टाळ्या वाजवतो आहोत.

'आई कुठे काय करते' संपते याचे मात्र वाईट वाटते. २०१९ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा ती बंगालीतल्या 'श्रीमोयी'वरून घेतली होती. हिंदीतली 'अनुपमा' त्याच मुळावरची, पण मराठीच्या नंतर आली, हे हिंदीवाल्यांना कोणीतरी सांगायला हवे. पहिली दोन वर्षे अरुंधतीचे काम इतके चोख होते की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये चहाच्या सुट्टीत त्यावर वाद व्हायचे. पुढे तिला इतक्या घरांतून आणि इतक्या संकटांतून फिरवले की ती कुठे काय करते हे आम्हालाही सांगता येईना. मार्चमध्ये तिला साडेसातवरून दुपारी अडीचला नेले तेव्हाच निरोपाचा नारळ दिला होता.

रेईशमागूशचा_पाव

मास्तर, दुपारी अडीचला हलवणे म्हणजे म्हाताऱ्या गड्याला भाटकाराने माडांवरून काढून अंगण झाडायला लावणे.

फोंडेकरीण

आले. सासूबाई झोपल्या.

आमच्या घरची स्थिती सांगते, मग तुम्हीच ठरवा कोणती मालिका चालेल. आमच्याकडे साडेआठला 'ठरलं तर मग' लागते आणि त्या अर्ध्या तासात कोणी मेले तरी जाहिरात लागेपर्यंत थांबावे. सायली आणि अर्जुनचे लग्न खोटे होते, खरे झाले, पुन्हा खोटे ठरले, तरी सासूबाई रोज नव्याने काळजी करतात. मूळ तमिळ 'रोजा' आहे, त्यातले पुढचे मी यूट्यूबवर बघून ठेवलेय, पण सांगत नाही. सांगितले तर घरात कल्लोळ होईल.

आता त्याच सुमाराला कलर्सवर अशोक सराफ. सासूबाईंची लहानपणापासूनची भक्ती. काल प्रोमो लागला तेव्हा म्हणाल्या, "बघूया गो, एक दिवस बघूया." मी म्हटले, आणि सायली? तर म्हणाल्या, "सायली रात्री परत दाखवतात ना?" दोन वर्षांच्या निष्ठेचे हे मोल. कलर्सने नेमके इथेच बोट ठेवलेय. मामांना समोर उभे केल्याशिवाय पहिल्या नंबरच्या मालिकेचा प्रेक्षक फुटत नाही.

केबलवाला_चिंबल

मी या धंद्यात आहे म्हणून थोडे तांत्रिक लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

टीआरपी मोजते ती बार्क नावाची संस्था. देशभरात पन्नास हजारांच्या वर निवडक घरांत मीटर बसवलेले आहेत. कोणाच्या घरी ते गुप्त ठेवतात. प्रत्येक वाहिनी आपल्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळून पाठवते, मीटर ती पकडतो आणि कोणता चॅनेल लागला ते कळते. घरातल्या प्रत्येकाचे वेगळे बटण असते. आजी बसली की आजीचे बटण दाबायचे, उठली की बंद करायचे. आठवडा शनिवार ते शुक्रवार धरतात आणि आकडे पुढच्या गुरुवारी बाहेर येतात. गुरुवारी दुपारनंतर मालिकावाल्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात म्हणे. कोणाचा लीप (गोष्टीची काही वर्षे पुढे उडी), कोणाचा अपघात, कोणाची स्मृती जाणे, सगळे त्या गुरुवारवर ठरते.

आता आपल्या कामाची गोष्ट. मराठी वाहिन्यांचा बाजार बार्क 'महाराष्ट्र/गोवा' असा एकत्र धरते. म्हणजे गडचिरोलीपासून काणकोणपर्यंत एकच खण. आपण एवढेसे, पण त्या तिरक्या रेघेच्या पलीकडे आपले नाव आहे. गोव्यात एखादी मालिका कितीही चालो नाहीतर पडो, वेगळे कोणाला दिसत नाही. मुंबईत बसून मालिका ठरवणाऱ्याला फोंड्याची आजी आणि बारामतीची आजी एकच. त्यामुळे गोव्यासाठी म्हणून कोणी काही करील ही आशा सोडा.

सोमवारच का, असे परवा एकाने विचारले. मालिका सोमवार ते शनिवार चालतात, म्हणून सुरुवात सोमवारी. म्हणजे पहिल्या सोमवारपासून शुक्रवारपर्यंत पाच भाग मोजले जातात आणि त्यांचा निकाल पुढच्या गुरुवारी हातात. रविवारी दोन-तीन तासांचा महाएपिसोड टाकतात तो आकडा वाढवायला. प्रेमाने नव्हे.

मालती_म्हापसा

@केबलवाला, तो सोमवारचा हिशेब आज पहिल्यांदा कळला. पण 'तिरक्या रेघेच्या पलीकडे' हे वाचून जीव थोडा जळला.

आसगावचो_भाचो

जळणारच. गोवा मालिकांत येतो तो कसा येतो ते मी सांगतो, कारण मी उभा राहून बघितलेय.

२०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात कोरोनामुळे शूटिंग बंद झाले तेव्हा बऱ्याच मराठी मालिका बिऱ्हाड उचलून इकडे आल्या. 'अग्गंबाई सूनबाई' आली, 'पाहिले न मी तुला' आली. 'सूर नवा ध्यास नवा' तर मडगावच्या रवींद्र भवनात बसले. आपल्याकडेही रुग्ण वाढत होते, इस्पितळात खाटा मिळत नव्हत्या, लोक चिडले, राजकारणी तिथे जाऊन धडकले आणि मेच्या सुरुवातीला गोवा मनोरंजन संस्थेने सगळ्यांचे परवाने मागे घेतले. ते पेपरात सगळ्यांनी वाचलेच.

पेपरात न आलेले सांगतो. आमच्या शेजारचे घर एका युनिटने भाड्याने घेतले होते. मालिकेचे नाव घेत नाही. घर ख्रिश्चन कुटुंबाचे, जुने, शिंपल्यांच्या खिडक्यांचे. पहिल्या दिवशी त्यांनी काय केले असेल? सालीतला (दिवाणखान्यातला) आल्तार पडद्याआड गेला. त्यापुढे एक भलीमोठी गणपतीची तसबीर. अंगणात खुरीस (क्रूस) होता, त्याच्यासमोर थर्माकोलचे तुळशीवृंदावन उभे राहिले, इतके हलके की वारा आला की स्पॉटबॉय धावत जाऊन धरायचा. भर दुपारी बाराला खिडक्यांना बाहेरून काळे कापड ठोकून आत रात्र केली आणि नायिका पणती घेऊन रडायला बसली. तेवढ्यात रस्त्यावरून पोदेर (पाववाला) सायकलवर आला, पों पों पों. आवाजवाल्याने हात वर केला. कट. पुन्हा पणती, पुन्हा रडणे, आणि पोदेर पलीकडच्या गल्लीतून परत! शेवटी प्रॉडक्शनचा मुलगा धावत गेला आणि त्याची टोपली रिकामी होईल एवढे पाव विकत घेऊन आला, फक्त त्याने वाजवू नये म्हणून. त्या दिवशी युनिटने दुपारच्या वरणभाताबरोबर पाव खाल्ले.

आणि टीव्हीवर बघितले तर ते घर पुण्याजवळचा फार्महाऊस! शिंपल्यांच्या खिडक्या पुण्यात कुठून आल्या हे कोणी विचारले नाही. गोव्यात राहून, गोव्यात जेवून, गोवा मात्र कापडाखाली झाकलेला.

फोंडेकरीण

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!! वरणभाताबरोबर पाव!

आमच्या ओळखीत एकांनी असेच घर दिले होते. भाड्याचे पैसे मिळाले, पण जाताना भिंतीला मारलेले खिळे आणि रंग तसाच सोडून गेले. पुढच्या चवथीपर्यंत ते घासत होते.

मोपावाला

आमच्या पेडण्यात वेगळे चित्र आहे हां. 'रात्रीस खेळ चाले' आठवा. आकेरीतला वाडा म्हणजे आमच्यापासून किती लांब? सावंतवाडीच्या जरा पलीकडे. ते मालवणी आम्हाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. २०१६ ला पहिला भाग आला तेव्हा आमच्याकडे लोक रात्री साडेदहाला जागे राहायचे, आणि २०१९ मध्ये अण्णा नाईक नि शेवंता आली तेव्हा तर विचारूच नका. आमच्या गावच्या काल्याला (देवळातल्या दशावतारी खेळाला) पूर्वरंगात संकासुर आला की पोरे 'अण्णा, अण्णा' ओरडायची. तेव्हा गावाची बोली घेऊन मालिका चालत नाही असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे. चालते. करायला माणूस लागतो.

आता मात्र सगळा भर दुसऱ्या भाषांतून तयार गोष्ट आणण्यावर. तिथे चालली म्हणजे इथे चालणार, धोका कमी. 'पारू' तेलुगूतून, 'लाखात एक आमचा दादा' तमिळमधून, 'सावळ्याची जणू सावली' बंगालीतून. गोष्ट आयती आली की गावही आयतेच येते, कोणत्याच नकाशावर नसलेले.

डिचोलीचो_मास्तर

मोपावाले बरोबर बोलले. यात भर म्हणून वर्षा उसगांवकरांचे उदाहरण घ्या. आपल्या उसगांवकरांची लेक, 'सुख म्हणजे नक्की काय असतं'मध्ये इतकी वर्षे माई झाल्या, पण कोल्हापूरच्या घरातल्या. यंदाच्या बिग बॉसमध्ये गेल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या बोलण्यातला गोवा ऐकू आला. त्या होत्या तोवर आमच्याकडे कलर्स लागत होते. सहा ऑक्टोबरला तो खेळ संपला आणि कलर्सकडे आलेला पाहुणा उठून गेला. त्याला परत बोलवायला आता मामा. दिग्दर्शक केदार शिंदे तिथे कार्यक्रमप्रमुख म्हणून आल्यापासून चेहरे ओळखीचे घ्यायचे धोरण दिसते.

कुडतरीचो_बाब

आमगेर आवय रिमोट कोणाक दिना. तिका मराठी सिरियलां जाय, म्हाका फुटबॉल. कोंकणींत एक बरी सिरियल केल्यार किदें जातलें? सगळो गोंय मराठी टीव्हीचेर...

संपादक

@कुडतरीचो_बाब, स्वागत आहे, पण भाषेचा वाद इथे नको. त्यासाठी वेगळा धागा आहे, तिथे मागच्या वर्षापासून तीच चार माणसे लढताहेत, तुम्हीही जा. इथे फक्त मालिका.

कुडतरीचो_बाब

बरें बरें. वाद करपाक येवंक ना. अशोक सराफ कितल्याक लागता तेंच सांग. आवय विचारता.

मालती_म्हापसा

साडेआठ वाजता, बाब. कलर्स मराठी. आवयला नमस्कार सांग.

वळवईचा_बंड्या

धागा वर काढतोय. २५ तारीख होऊन गेली, दोन्ही बघितल्या.

'पिंगा गं पोरी' चटपटीत आहे. पाच जणींना पाच वेगळ्या तऱ्हा वाटून दिल्या आहेत, ते थोडे ठरवून केल्यासारखे वाटते, पण पोरी मोकळ्या बोलतात. आमच्या चुलतबहिणीची मुलगी मुंबईत अशीच तिघीचौघींबरोबर राहते, ती म्हणाली घरमालकाचा त्रास आणि पाण्याची बादली एवढे दाखवले तरी बाकी सगळे माफ. सात वाजता आमच्याकडे दिवाबत्तीची वेळ, म्हणून आई बघणार नाही. मी जियो सिनेमावर रात्री बघतो.

'अशोक मा.मा.'मध्ये मामांनी कडक शिस्तीचा, घड्याळावर जगणारा माणूस उभा केलाय. मालतीताई म्हणाल्या तसे थांबणे आहे. एका प्रसंगात ते नुसते चष्मा काढून समोरच्याकडे बघतात आणि समोरचा बोलायचे ते गिळतो. त्या वेळी मागे संगीत नव्हते. मी मुद्दाम कान देऊन ऐकले. नव्हते! असे चार दिवस राहिले तर मी नवस फेडीन.

फोंडेकरीण

सासूबाईंनी 'एक दिवस' म्हणून लावले आणि आता आमच्याकडे साडेआठला दोन पक्ष झालेत. सासरे सायलीकडे, सासूबाई मामांकडे. वर्षानुवर्षे उलटे होते, मालिका बायकांच्या आणि बातम्या पुरुषांच्या. निवृत्त झाल्यापासून सासरेच सगळ्या मालिका तोंडपाठ सांगतात. बंड्याचा सुरुवातीचा मुद्दा इथे लागू पडतो बघा. टीव्हीसमोरचा रिकामा पुरुष हा नवा गिऱ्हाईक आहे आणि तो निवृत्त आहे.

'आई आणि बाबा रिटायर'ची मी जास्त वाट बघतेय. आईसुद्धा रिटायर होते हे नावातच म्हटलेय. आमच्याकडे बाबा रिटायर झाले, पार्टी झाली, शाल मिळाली, दुसऱ्या दिवसापासून आईचे काम दुप्पट. दोन चहांचे पाच चहा. मालिकेने एवढे एक जरी प्रामाणिकपणे दाखवले तरी बस. पण दुपारी अडीचला ठेवलीय. अडीचला कोण बघणार? आई! तीच, भांडी घासून जरा टेकलेली. बाबा तेव्हा घोरत असतात.

केबलवाला_चिंबल

दुपारची वेळ आता पूर्वीसारखी टाकाऊ राहिलेली नाही. स्टार प्रवाहने दुपारीही नव्या मालिका ठेवून तिथला प्रेक्षक बांधला. 'मुरांबा', 'शुभविवाह' बघा, आरामात चालताहेत. निवेदिता सराफांना दुपारी दिले म्हणजे खाली ढकलले असे धरू नका. रात्री साडेआठ-नऊला जागाच रिकामी नाही त्यांच्याकडे, आणि चालणारी मालिका कोण उठवील?

बायण्याची_बाय

झीचे पत्ते उघडले!! 'लक्ष्मी निवास', २३ डिसेंबरपासून, रात्री आठ ते नऊ, रोज एक तास! हर्षदा खानविलकर, तुषार दळवी, आपली पाठकबाई अक्षया देवधर, दिव्या पुगावकर. प्रोमोवरून मध्यमवर्गीय जोडपे, घर भरून मुले, आणि आयुष्यभराचे स्वतःच्या घराचे स्वप्न. म्हणजे बंड्याभाऊ, तुमच्या यादीत आणखी एक साठीतले जोडपे.

आता ऐका. ही कन्नडमधून आलीय, तिथे याच नावाने या जानेवारीपासून चालू आहे. आमच्या वास्कोत दर दुसऱ्या दाराआड कन्नड टीव्ही लागतो. माझ्या शेजारच्या अक्का रोज बघतात आणि भाजी निवडता निवडता मला गोष्ट सांगतात. त्यामुळे मला पुढचे बरेच ठाऊक झालेय.

* इथून पुढे ज्यांना रस घालवायचा नाही त्यांनी वाचू नका *

मोठ्या मुलीचे लग्न जमत नाही आणि धाकटीला जो श्रीमंत, देखणा, जीव ओवाळून टाकणारा नवरा मिळतो ना, त्याचे ते प्रेम सरळ नाही. बायकोने दुसऱ्या कशावर जीव लावलेलाही त्याला सोसत नाही. अक्का सांगताना स्वतःच घाबरतात. नाव कुटुंबाचे, जाहिरात घराच्या स्वप्नाची, आणि आत हा माणूस. मला तरी आईबाबांपेक्षा त्याच्यासाठीच बघायचीय.

मालती_म्हापसा

बाय, तू वाचू नका म्हटलेस आणि मी वाचले. आता प्रत्येक भागात त्या जावयाकडे संशयाने बघणार. हर्षदाताईंना मात्र मऊ आईच्या भूमिकेत बघायची उत्सुकता आहे. 'रंग माझा वेगळा'मधला तो तोरा, त्या साड्या! त्यांना कोणी पापड लाटायला बसवले तर पापडही घाबरून गोल होईल.

मोपावाला

रोज एक तास म्हणजे लेखकांचे काय हाल? नियमाने तासाला बारा मिनिटांच्या वर जाहिराती नकोत, म्हणजे रोज पाऊण तासाचा मजकूर पाहिजे. गणपती पावो. दोन महिन्यांत एकमेकांकडे बघण्याची लांबी वाढणार, लिहून ठेवा.

आणि आठ ते नऊ म्हणजे 'ठरलं तर मग' आणि मामा दोघांच्याही अंगावर. फोंडेकरीणबाई, तुमच्याकडे आता तिसरा पक्ष काढा.

फोंडेकरीण

तिसऱ्या पक्षाची मी. जी५ वर पैसे भरले की भाग टीव्हीच्या आधी बघायला मिळतो. दुपारीच बघून ठेवते आणि रात्री दोघांच्या भांडणात पडत नाही.

रेईशमागूशचा_पाव

स्टार प्रवाहनेही लगेच तीच तारीख धरली! २३ डिसेंबर, रात्री साडेदहा, 'तू ही रे माझा मितवा'. शर्वरी जोग आणि अभिजीत आमकर. हिरो श्रीमंत, तापट आणि नाव अर्णव. कोणाला काही आठवले? 'इस प्यार को क्या नाम दूं'च्या पोरींनो, तुम्ही आता आया झाला असाल, तरी या.

पिंगाच्या पोरी सोडल्या तर ही एकच तरुणांची. तीही साडेदहाला, म्हातारी झोपल्यावर.

डिचोलीचो_मास्तर

साडेदहाला आम्ही तरी घरी नसणार. जत्रांचे दिवस सुरू झालेत. १४ ला दत्तजयंती, साखळीला जायचे आहे, आणि पुढे गावोगाव काले नि उत्सवातली नाटके. आमच्या देवळासमोर यंदा तरुण पोरांनी ऐतिहासिक नाटक बसवलेय, तालमी अकराला सुरू होतात. तलवारी पुठ्ठ्याच्या, संवाद खणखणीत. तिथे एखादा पोरगा वाक्य विसरला की पडद्यामागून सूत्रधाराच्या आधी पहिल्या रांगेतली आजी सांगते. मालिकावाल्यांना हे प्रेक्षक मिळाले आहेत याची त्यांनी थोडी तरी बूज राखावी. हे लोक वाईट नाटक उभ्याने बघत नाहीत, उठून खाज्यांच्या दुकानाकडे जातात.

वळवईचा_बंड्या

मास्तर, नाटकाची तारीख व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, येतो.

२ डिसेंबरपासूनची 'आई आणि बाबा' आईने बघायला घेतली आहे आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या भावाला पुण्याला फोन करून, "तुम्ही लोक कधी येणार?" असे विचारले. भाऊ गोंधळला, मला मेसेज करून विचारतो आईची तब्येत बरी आहे ना. मी कळवले, तब्येत ठणठणीत आहे, अडीचची मालिका लागलीय. मंगेश कदमांचे काम मला फार आवडले. नाटकातला माणूस आहे, वाक्य संपल्यावरही चेहरा चालू ठेवतो. मुलांची पात्रे मात्र आताच खलनायकी रंगाने रंगवायला घेतली आहेत, ते खटकते. मुले आईबापांकडे येत नाहीत ती दरवेळी दुष्ट असतात म्हणून नव्हे. सुट्टी नसते, तिकीट नसते, पोरांची परीक्षा असते. एवढी साधी गोष्ट दाखवायला कोणी तयार नाही, कारण त्यावर 'ढॅण' वाजवता येत नाही.

बायण्याची_बाय

+१००. माझा नवरा जहाजावर. त्याची आई त्याला दुष्ट म्हणत नाही, कॅलेंडरवर खुणा करते.

केबलवाला_चिंबल

गुरुवारचा आकडा आला. पहिला नंबर अजून सायलीचाच आहे, फोंडेकरीणबाईंच्या सासऱ्यांना कळवा. बाकीचे २३ नंतरच्या गुरुवारांत बघू. नाताळच्या आठवड्यात आकडे तसेही विचित्र येतात, लोक घरी नसतात. त्यावरून कोणी पडली-चढली ठरवू नये.

संपादक

प्रतिसाद वाढल्याने 'लक्ष्मी निवास'साठी वेगळा धागा काढला आहे. ज्यांना कन्नडमधले पुढचे सांगायचे आहे त्यांनी तिथे, आणि कृपया आधी इशारा लिहून. 'मितवा'चा धागा कोणी काढणार असेल तर २३ च्या आधी काढा. 'अशोक मा.मा.'ची चर्चा इथेच चालू द्या.

कुडतरीचो_बाब

म्हजे आवयक अशोक सराफ खूब मानवला. फुटबॉल आतां मोबायलार पळयतां. रिपीट सकाळीं कितल्याक आसता?

मालती_म्हापसा

बाब, वाहिनीवर सकाळचे वेळापत्रक अधूनमधून बदलतात. आवयला विचार करायला लावू नकोस, जियो सिनेमा टीव्हीला जोडून दे. केबलवाले काका सांगतील कसे ते.

केबलवाला_चिंबल

टीव्ही कोणता आहे? मागे एचडीएमआयचे भोक आहे का बघ आणि फोटो व्यनित टाक.